कोणत्या खात्याचं कंत्राट?

१८५१ साली आग्र्यात एक खटला गाजला. आरोपी होता लाला जोतीप्रसाद, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला रसद पुरवणारा बडा कंत्राटदार. शिखांशी झालेल्या दुसऱ्या लढाईत कंपनीचं सैन्य पंजाबात याच्या धान्यावर आणि याने जमवलेल्या जनावरांवर लढलं होतं. लढाई संपली, पंजाब कंपनीच्या मुलखात सामील झाला आणि लालाने राहिलेली बिलं पुढे केली. बाकी लक्षावधी रुपयांची होती. सरकारने पैसे मोजण्याऐवजी हिशेब तपासायला घेतले आणि तपासता तपासता लालावरच खोट्या बिलांचा नि अफरातफरीचा आरोप ठेवला. त्याचं वकीलपत्र घेतलं जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, फटकळ जिभेच्या बॅरिस्टरने. लाला निर्दोष सुटला आणि लँगचं नाव उत्तर हिंदुस्थानात इतकं झालं, की १८५४ मध्ये झाशीचं संस्थान खालसा होताच राणी लक्ष्मीबाईंनी सल्ल्यासाठी त्यालाच बोलावून घेतलं. मराठी वाचक लँगला ओळखतो तो या भेटीमुळे. त्याच्या नावलौकिकामागे एका धान्यवाल्याचं थकलेलं बिल होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढे १८५७ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात अडकलेल्या इंग्रजांना दाणागोटा हवा होता, तेव्हा तो पुरवायला पुन्हा जोतीप्रसादच लागला.

लढाईच्या मुलखात सरकारी काम घेणाऱ्या माणसाची निम्मी कुंडली या एका खटल्यात सापडते. तोफा वाजत असतात तेव्हा माल कुठल्या भावाने आणला हे कोणी विचारत नाही. तोफा थंडावल्या की विचारणारा येतो, आणि तो रणांगणावर कधी गेलेला नसतो. कुंडलीचा उरलेला भाग इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांनी लिहिला. त्याची कागदपत्रं अमेरिकी न्यायालयांत ढिगाने पडून आहेत, म्हणून हे प्रकरण मुख्यतः तिथलंच.

आधी आवाका पाहू. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००८ साली अहवाल दिला. त्या वर्षाच्या सुरुवातीला इराक आणि आसपासच्या देशांत अमेरिकी सरकारच्या कंत्राटांवर किमान १ लाख ९० हजार माणसं राबत होती. जवळजवळ एका सैनिकामागे एक कंत्राटी माणूस. अमेरिकी नागरिक त्यांत पाचातला एक. उरलेले इराकी, नेपाळी, फिलिपिनो, भारतीय, युगांडाचे. बंदूकधारी रक्षकांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून यायची, पण बहुसंख्य लोक स्वयंपाकी, धोबी, ट्रकचालक, दुभाषे आणि वायरमन होते.

या माणसाला युद्धाच्या कायद्यात जागा आहे, पण अवघडलेली. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्यासोबत फिरणाऱ्या पुरवठादारांचा उल्लेख आहे. सैन्याने दिलेलं ओळखपत्र जवळ असेल आणि शत्रूने पकडलं, तर त्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. हा करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र दुसऱ्या देशाची गणवेशातली, तुरुंगाची नोंदवही ठेवणारी फौज होती. रस्त्यावर दबा धरून बसलेली टोळी ओळखपत्र वाचत बसत नाही. दुसरी अडचण याहून मोठी. सैनिकाने लढाईत शत्रूला मारलं तर तो खून ठरत नाही. कंत्राटी रक्षकाला ही मोकळीक नाही. त्याच्यापाशी स्वसंरक्षणाचा साधा नागरी हक्क तेवढा असतो, आणि लढाईत उडी घेतली तर नागरिकाला मिळणारं संरक्षणही तो त्या वेळेपुरतं गमावतो. दोन्ही बाजूंनी उघडा.

मग त्याने गुन्हा केला तर खटला कुठे चालवायचा? जिथे गुन्हा घडला तिथे, हे कोणीही सांगेल. इराकमध्ये हे उत्तर आधीच खोडून ठेवलेलं होतं. तिथला अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर याने २७ जून २००४ रोजी, म्हणजे सत्ता इराकी सरकारकडे सोपवण्याच्या आदल्या दिवशी, ‘आदेश क्रमांक १७’ सुधारून जारी केला. कराराच्या अटींनुसार केलेल्या कृत्यांसाठी परदेशी कंत्राटदारांवर इराकी न्यायालयात कारवाई होणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. निघून जाणाऱ्या राज्यकर्त्याने येणाऱ्या राज्यकर्त्याचे हात असे बांधून ठेवले.

उरलं अमेरिकी न्यायालय. तिथे कळीचा प्रश्न गुन्हा काय, हा नव्हताच. कंत्राट कोणत्या खात्याचं, हा होता.

२००० साली अमेरिकेने ‘मेजा’ या नावाने ओळखला जाणारा एक कायदा केला. परदेशात सैन्यासोबत असणाऱ्या नागरिकांनी गंभीर गुन्हा केल्यास त्यांच्यावर मायदेशी खटला भरण्याची त्यात सोय होती. अट अशी, की कंत्राट संरक्षण खात्याचं हवं. २००४ च्या वसंतात अबू घरीब तुरुंगातली छायाचित्रं जगासमोर आली. कैद्यांना नग्न करून, कुत्री अंगावर सोडून केलेले ते छळ. गणवेशातल्या काहींवर लष्करी न्यायालयात खटले चालले, शिक्षा झाल्या. पण तिथे चौकशी करणारे काही जण सीएसीआय या खासगी कंपनीचे होते आणि दुभाषे टायटन कंपनीचे. सीएसीआयचे चौकशी अधिकारी ज्या कागदावर आले होते, तो कागद निघाला सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं आणि खाणी सांभाळणाऱ्या अंतर्गत व्यवहार खात्याचा! लष्कराला घाई होती. ॲरिझोनातल्या फोर्ट वाचूका इथल्या त्या खात्याच्या खरेदी कार्यालयाकडे एक तयार करार पडून होता, तोही माहिती-तंत्रज्ञान सेवांसाठीचा. त्याच्यावरच चौकशी अधिकारी मागवले गेले. संगणकाच्या कंत्राटावर माणसांची उलटतपासणी. ‘मेजा’च्या शब्दांत हे बसत नव्हतं. त्याच वर्षी संसदेने घाईने दुरुस्ती केली: कंत्राट दुसऱ्या खात्याचं असलं तरी चालेल, काम संरक्षण खात्याच्या मोहिमेला साहाय्य करणारं हवं.

भोक बुजवलं, पण शेजारी नवं पडलं. १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या रक्षकांनी गर्दीवर गोळीबार केला. १७ इराकी नागरिक मेले. हे रक्षक अमेरिकी राजदूतावासाच्या अधिकाऱ्यांना संरक्षण देत होते, आणि त्यांचं कंत्राट परराष्ट्र खात्याचं होतं. राजनैतिक अधिकाऱ्याला सांभाळणं म्हणजे संरक्षण खात्याच्या मोहिमेला साहाय्य होतं का? बचाव पक्षाचे वकील या एका ओळीवर वर्षानुवर्षं लढले. सरकारी पक्षाने सांगितलं, की हे रक्षक नसते तर ते काम सैनिकांना करावं लागलं असतं, म्हणजे त्यांनी सैनिक मोकळे केले. अखेर न्यायालयांनी हे मान्य केलं.

त्याआधी सरकारी पक्ष आपल्याच खात्याच्या चुकीत अडकला होता. गोळीबारानंतर लगेच परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांनी रक्षकांचे जबाब घेतले. हे जबाब सक्तीचे होते. दिला नाही तर नोकरी जाणार, आणि दिला तर तो फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरणार नाही, अशी हमी. ३१ डिसेंबर २००९ रोजी न्यायाधीश रिकार्डो अर्बिना यांनी संपूर्ण आरोपपत्र रद्द केलं, कारण सरकारी वकिलांनी त्याच जबाबांचा आधार घेतला होता. २०११ मध्ये अपिलात खटला पुन्हा जिवंत झाला. २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले. २०१७ मध्ये एकाची खुनाची शिक्षा रद्द झाली आणि तिघांच्या ३० वर्षांच्या शिक्षा अवाजवी ठरल्या. फेरखटला, पुन्हा दोष, पुन्हा नव्या शिक्षा. आणि २२ डिसेंबर २०२० रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली. इराकमधल्या मृतांच्या नातेवाइकांनी या न्यायव्यवस्थेपुढे साक्ष द्यायला विमानाने प्रवास केला होता. त्यांना काय वाटलं असेल ते लिहिण्याचं मला काही कारण नाही. कंत्राट कोणाचंही असलं तरी चालेल, असा सरळ कायदा करण्याची विधेयकं अमेरिकी संसदेत अनेकदा आली. मंजूर एकही झालं नाही.

अबू घरीबच्या कैद्यांनी दिवाणी वाट धरली. तिथे सीएसीआयविरुद्ध २००८ मध्ये दाखल झालेला दावा सोळा वर्षं चालला. मधल्या काळात टायटनच्या वारसदार कंपनीने ७१ माजी कैद्यांना एकूण ५२ लाख ८० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. सीएसीआय लढत राहिली. मे २०२४ मध्ये पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी दुसऱ्या ज्यूरीने तीन इराकी वादींना मिळून ४ कोटी २० लाख डॉलर द्यायला सांगितलं. कंपनी अपिलात गेली. सोळा वर्षांचा वकिलांचा खर्च पेलण्याची ताकद किती कंपन्यांकडे असते, आणि किती कैद्यांकडे?

‘आदेश क्रमांक १७’चं कवचही टिकलं नाही. निसूर चौकानंतर इराकी सरकारला कंत्राटदारांना मोकळं सोडणं परवडणारं नव्हतं. २००८ च्या अखेरीस झालेला अमेरिका-इराक करार १ जानेवारी २००९ पासून लागू झाला आणि अमेरिकी कंत्राटदार इराकी कायद्याखाली आले. त्याच ऑगस्टमध्ये बगदादमधल्या एका ब्रिटिश रक्षकाने दोन सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. २०११ मध्ये इराकी न्यायालयाने त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. दरम्यान अमेरिकी संसदेने लष्करी न्यायालयाची दारंही कंत्राटदारांसाठी उघडली होती. २००८ मध्ये त्या दारातून आत गेलेला पहिला माणूस ना अमेरिकी होता ना बड्या पगाराचा. तो होता इराकी-कॅनेडियन दुभाषा.

आता कागदाच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ, म्हणजे मरणाऱ्यांकडे.

३१ मार्च २००४. फलुजा शहरातून तीन रिकामे ट्रक चालले होते, एका तळावरून स्वयंपाकघराचं सामान आणायला. सोबत दोन मित्सुबिशी पजेरोंमधून ब्लॅकवॉटरचे चार रक्षक. चौघांनाही मारलं, जाळलं आणि त्यांतले दोन मृतदेह फरात नदीवरच्या पुलाला टांगले. ती छायाचित्रं जगभर गेली आणि त्यांनी युद्धाची दिशा बदलली. पण एक साधा प्रश्न बाजूला राहिला: हे चौघे कोणासाठी काम करत होते? ब्लॅकवॉटरचा करार कुवेतमधल्या एका हॉटेल कंपनीशी. तिचा करार ईएसएस या खानपान कंपनीशी. ईएसएस पुढे केबीआरची पोटकंत्राटदार आणि केबीआरचा करार थेट अमेरिकी लष्कराशी. लष्कर म्हणालं, आम्ही खासगी रक्षक घ्यायला परवानगीच दिली नव्हती. केबीआरने आधी हात वर केले. संसदीय समितीने खोदकाम केल्यावर साखळी सापडली आणि २००७ मध्ये लष्कराने केबीआरचे १ कोटी ९६ लाख डॉलर रोखून धरले. रक्षकांच्या कुटुंबांचा आरोप असा होता, की वरच्या करारात चिलखती गाड्यांचा उल्लेख होता आणि खालच्या करारात उतरताना तो शब्द गळला. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपला नफा काढला आणि खाली उरल्या दोन साध्या गाड्या.

कुटुंबांनी जानेवारी २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात दावा लावला. कंपनीचं उत्तर तयार होतं: डिफेन्स बेस ॲक्ट. १९४१ चा हा कायदा परदेशातल्या अमेरिकी सरकारी कामांवरच्या प्रत्येक कामगाराला लागू होतो, मग तो कोणत्याही देशाचा असो. मालकाला विमा काढावाच लागतो. नाही काढला तर तो गुन्हा, आणि कंपनीचे अधिकारी वैयक्तिकरीत्या जबाबदार. कामगार जखमी झाला किंवा मेला तर दोष कोणाचा हे न विचारता भरपाई मिळते. त्या बदल्यात मालकावर दुसरा दावा लावता येत नाही. शांततेतल्या गोदीकामगारांसाठीच्या कायद्यातून आलेली ही देवाणघेवाण वाईट नाही. युद्धात मात्र तिचा अर्थ बदलतो. चिलखती गाडी का दिली नाही, हे विचारण्याचं दारच बंद होतं. फलुजाचा दावा राज्य न्यायालय, संघीय न्यायालय, लवाद असा फिरत राहिला. मध्येच कंपनीने करारभंगाबद्दल उलटा १ कोटी डॉलरचा दावा ठोकला. २०१२ मध्ये तडजोड झाली.

याच विमा कायद्यात एक कलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. भरपाई घेणारा परदेशी असेल आणि अमेरिकेत राहत नसेल, तर पुढच्या हप्त्यांची एकरकमी किंमत काढून तिच्या निम्मी रक्कम देऊन विषय संपवता येतो. केरळ असो वा काठमांडू, निम्मी.

काठमांडूचा उल्लेख सहज केलेला नाही. २००४ च्या उन्हाळ्यात नेपाळमधल्या काही तरुणांना जॉर्डनमधल्या अम्मान शहरात हॉटेलात नोकरी मिळेल असं सांगितलं गेलं. घरांनी कर्ज काढून दलालाचे पैसे भरले. अम्मानला पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले आणि त्यांना गाड्यांतून इराकच्या अल असद हवाई तळाकडे रवाना केलं. तिथे दाऊद अँड पार्टनर्स ही जॉर्डनची कंपनी केबीआरची पोटकंत्राटदार होती. वाटेत पुढच्या गाड्या अडवल्या गेल्या आणि बारा जणांची हत्या झाली. तिचं चित्रीकरण ऑगस्टच्या अखेरीस प्रसिद्ध होताच काठमांडूत दंगल उसळली. शिकागो ट्रिब्यूनचा पत्रकार कॅम सिम्पसन याने ही साखळी गावापासून तळापर्यंत शोधून काढली. ती शोधली नसती तर या मजुरांना अमेरिकी विम्याचा हक्क आहे, हे त्यांच्या घरच्यांना समजलंही नसतं. २००८ मध्ये अमेरिकी श्रम खात्याच्या न्यायाधीशाने भरपाईचा आदेश दिला.

मग कुटुंबांनी आणि वाचलेल्या एका मजुराने केबीआरवर मानवी तस्करीचा दावा लावला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. तस्करीविरोधी कायदा परदेशातल्या कृत्यांना लागू करणारी दुरुस्ती २००८ ची, आणि घटना २००४ ची. कंपनीने काय केलं आणि काय केलं नाही, यापेक्षा तारीख जड ठरली.

आपल्याकडचं चित्र याहून फार वेगळं नाही. जुलै २००४ मध्ये कुवेतच्या एका वाहतूक कंपनीच्या सात ट्रकचालकांना इराकमध्ये ओलीस धरलं, त्यांत तीन भारतीय होते. ते १ सप्टेंबरला, म्हणजे नेपाळ्यांच्या हत्येची बातमी ताजी असतानाच, सुटले. भारताने इराकला कामासाठी जाण्यावर बंदी घातली. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली दहावी न झालेल्या कामगाराला अठरा देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी लागते, आणि इराक, जॉर्डन, कुवेत तिन्ही त्या यादीत आहेत. पण परवानगीचा शिक्का कुवेतसाठी असतो. कुवेतहून ट्रक बगदादला निघाला तर दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या उत्प्रवासन कार्यालयाला त्याचा पत्ता लागत नाही. बंदीने दलालीचा दर तेवढा वाढवला, असं माझं मत आहे.

भारतीय कंपन्याही आता अशा मुलखात कंत्राटं घेतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या केईसी इंटरनॅशनलचं अफगाणिस्तानात वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांचं काम चालू होतं. ६ मे २०१८ रोजी बाघलान प्रांतात तिच्या सात भारतीय कर्मचाऱ्यांचं अपहरण झालं. सुटका एकदम झाली नाही. काही जण २०१९ मध्ये परतले, त्यांतले तिघे तालिबानच्या कैद्यांच्या बदल्यात, आणि उरलेल्यांना २०२० पर्यंत थांबावं लागलं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात पुढे एक तरतूद घातली गेली: भारतात नोंदवलेल्या कंपनीने परदेशी कामासाठी भरती केलेल्या कामगारालाही भरपाई मिळेल. अपघाताची भाषा बोलणाऱ्या कायद्यात दोन वर्षांची ओलीसकैद कशी मोजायची, याचं उत्तर मात्र कंपनीच्या खासगी विमा पॉलिसीत शोधावं लागतं. तिच्यात युद्ध आणि दहशतवाद बहुधा अपवादांच्या यादीत असतात.

पैशाकडे वळू. इथे लाला जोतीप्रसाद असता तर त्याला सगळं ओळखीचं वाटलं असतं.

तळावरचा कर्नल म्हणतो, उद्यापासून आणखी एक पलटण येतेय, जेवणाची सोय करा. कंत्राटदार ‘येस सर’ म्हणतो, कारण समोर बंदूकधारी अधिकारी आहे आणि बाहेर खरंच भुकेली माणसं आहेत. अमेरिकी सरकारी खरेदीच्या नियमांत मात्र सरकारला पैशाने बांधून घेण्याचा अधिकार त्या कर्नलला नसतो. तो फक्त ‘कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर’ला असतो, आणि तो अनेकदा हजारो मैलांवर बसलेला असतो. लेखी बदल-आदेश न घेता केलेलं काम पुढे कंत्राटदाराच्या गळ्यात पडतं. बिल नाकारलं तर १९७८ च्या कायद्याखाली सहा वर्षांत दावा करायचा. तोवर तळ बंद झालेला, कर्नल निवृत्त आणि हजेरीचे कागद वाळूत. इराकयुद्धाच्या सुरुवातीला केबीआरच्या भोजनालयांच्या बिलांवरून असाच वाद पेटला. कंपनीने किती माणसांची तयारी ठेवली ते धरायचं, की प्रत्यक्षात किती जण जेवले ते?

उलट बाजूही तितकीच खरी. फॉल्स क्लेम्स ॲक्ट हा १८६३ चा कायदा, लिंकनच्या काळातला. यादवी युद्धात पुरवठादार कुजका माल आणि एका पावसात विरणारे गणवेश खपवत, त्यांच्यासाठी केलेला. खोटं बिल सिद्ध झालं तर तिप्पट वसुली. शिवाय कंपनीतलाच कोणी माहितीगार सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा घेऊ शकतो. म्हणजे तुमचा कालचा हिशेबनीस उद्याचा फिर्यादी. अफगाणिस्तानात सैन्याला अन्न पुरवणाऱ्या सुप्रीम फूडसर्व्हिसने दुबईतल्या एका मधल्या कंपनीमार्फत भाजीपाल्याचे आणि बाटलीबंद पाण्याचे दर फुगवले. २०१४ मध्ये गुन्हा कबूल करून दंड आणि तडजोड मिळून सुमारे ३९ कोटी डॉलर तिने भरले. इराकमधल्या कस्टर बॅटल्स कंपनीची कथा त्याहून मासलेवाईक. २००६ मध्ये ज्यूरीने तिला फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. न्यायाधीशाने निकाल फिरवला, कारण कंत्राट ब्रेमरच्या हंगामी प्रशासनाचं होतं आणि ते प्रशासन म्हणजे ‘अमेरिकी सरकार’ आहे हे सिद्ध झालं नव्हतं! २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवलेला निकाल पुन्हा फिरवला. खातं कोणतं, हा प्रश्न इथेही पाठ सोडत नाही.

आणि हप्ता? अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैन्याची ७० टक्क्यांहून अधिक रसद ‘होस्ट नेशन ट्रकिंग’ नावाच्या सुमारे २.१६ अब्ज डॉलरच्या कंत्राटावर चालायची. ट्रकांचं संरक्षण ही कंत्राटदाराची जबाबदारी, असं त्यात साफ लिहिलेलं होतं. रस्ता मात्र स्थानिक सरदारांचा. ट्रक जायचा तर पैसे मोजायचे, नाहीतर जळालेला ट्रक आणि मेलेला चालक. जून २०१० मध्ये संसदीय उपसमितीने ‘वॉरलॉर्ड, इन्कॉर्पोरेटेड’ या नावाचा अहवाल दिला. कंत्राटदारांनी ही खंडणी लष्कराच्या कानावर आधीच घातली होती, असं त्यात नोंदवलेलं आहे. वरून कोणी हललं नाही. काम चाललं होतं ना!

मग वारं फिरलं. २०११ च्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने शत्रूच्या हाती पैसा जात असेल तर कंत्राट रद्द करण्याचा अधिकार लष्करी अधिकाऱ्यांना दिला. २०१६ मध्ये दहशतवादाला साहाय्य करणाऱ्यांवरही मृतांच्या कुटुंबांना दावा लावता येईल, अशी दुरुस्ती आली. २०१९ मध्ये अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या आणि जखमी झालेल्या अमेरिकनांच्या कुटुंबांनी ब्लॅक अँड व्हीचसह काही बड्या कंत्राटदारांना न्यायालयात खेचलं. आरोप असा, की प्रकल्प शांतपणे चालावेत म्हणून यांनी तालिबानला दिलेल्या पैशानेच बॉम्ब आले. कंपन्यांनी आरोप नाकारले. सैन्याने दिलेल्या वेळेत माल पोचवला नाही तर करारभंग. पोचवण्यासाठी हप्ता दिला तर दहशतवादाला मदत. या जागी उभ्या असलेल्या व्यवस्थापकाबद्दल मला थोडी सहानुभूती वाटते, पण थोडीच. कंत्राटाची बोली लावताना तो रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे त्याला ठाऊक होतं.

इतक्या सगळ्या जोखमींत कंत्राटदाराची सगळ्यात मोठी ढाल एकच: आम्ही सरकारचं काम करत होतो, तेव्हा आम्हाला सरकारसारखं वागवा. लढाईतल्या कृतींसाठी अमेरिकी सरकारवर भरपाईचा दावा लावता येत नाही, असा अपवाद १९४६ च्या कायद्यात आहे. तो कंत्राटदारांच्या नावाने लिहिलेला नाही. २००९ मध्ये अबू घरीबच्याच एका प्रकरणात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ही सावली कंत्राटदारांवरही धरली. बहुमतात होते ब्रेट कॅव्हानॉ, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. विरोधात मत लिहिणारे मेरिक गार्लंड पुढे देशाचे ॲटर्नी जनरल झाले.

या सावलीची लांबी मोजणारं प्रकरण बगराम तळावरचं आहे. १२ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथे अहमद नायेब नावाच्या अफगाण कामगाराने आत्मघाती स्फोट केला. पाच जण मेले, अनेक जखमी झाले. स्थानिकांना नोकऱ्या द्या, या अमेरिकी धोरणाखाली त्याला फ्लुअर कंपनीच्या पोटकंत्राटदाराने कामावर घेतलं होतं, आणि तो तालिबानचा माणूस होता. त्याला कामावर घ्यायला सैन्याने मान्यता दिली होती. तळावर त्याच्यावर नजर ठेवणं हे मात्र कंपनीच्या करारातलं काम. रात्रपाळीत तळावरचीच हत्यारं वापरून त्याने स्फोटकांचा अंगरखा बनवला. लष्कराच्या स्वतःच्या चौकशीत फ्लुअरच्या ढिल्या देखरेखीवर बोट ठेवलं गेलं. सैनिकाला आपल्या सरकारवर दावा लावता येत नाही, हे १९५० च्या निकालापासून ठरलेलं आहे. म्हणून कायमचा अपंग झालेल्या एका तरुण सैनिकाने कंपनीवर लावला. खालच्या न्यायालयांनी तो फेटाळला: युद्धतळ, सैन्याचा हुकूम, सरकारी मोहीम. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे युक्तिवाद झाले. कंपनीने काय करू नये हे सैन्याने लिहून दिलेलं असताना, तेच केल्याबद्दल तिला सैन्याचंच कवच मिळावं का, हे तिथे वकिलांना न्यायमूर्तींसमोर सांगावं लागलं.